हेमांगी बुडाली, प्रमिलाताई नाही

एप्रिल अर्धा सरला की मुलुंड पूर्वेला हवेची चव बदलते. हायवेपलीकडच्या मिठागरांवरून दुपारी जो वारा सुटतो तो ओठांवर येऊन बसतो, आणि जीभ फिरवली की खारट लागतं. आमच्या गल्लीतला सोनमोहोर उभ्या स्कूटरांच्या सीटवर पिवळा चुरा सांडून ठेवतो. कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया पडतात आणि कावळ्यांना धाक म्हणून शेजारी काळी छत्री उघडी ठेवलेली असते. माझ्या घरात या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. घाटकोपरच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. कादंबरीच्या पेपरात नायिकेचं व्यक्तिचित्रण असतंच, आणि मुलांनी तीन शब्द पाठ केलेले असतात: एकाकी, अबोल, कुणालाही न कळलेली. कादंबरी कुठलीही असो, नायिका कुठलीही असो, हे तीन शब्द येतात आणि मी गुण देते. द्यावेच लागतात. पण देताना दरवर्षी हात थांबतो, आणि मला तो उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात अशी एक नायिका मी माझ्या दहा बोटांनी तयार करत होते.

मी नुकतीच टीवायची परीक्षा दिली होती. आमच्या सोसायटीत ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावर अण्णा राहायचे. त्यांच्या अकरा कादंबऱ्या छापून आल्या होत्या, त्यामुळे सोसायटीत त्यांना मान होता. सेक्रेटरीसुद्धा त्यांच्याशी बोलताना शुद्ध बोलायचा. अण्णा हातानेच लिहायचे, प्रकाशकाला मात्र टाइप केलेलं हवं होतं. मी पहिल्या मजल्यावरची, मराठी टायपिंग येणारी आणि स्वतः चोरून कथा लिहिणारी मुलगी. माझी एक कथा ते त्यांच्या ओळखीच्या दिवाळी अंकात देणार होते, आणि मी त्यांची बारावी कादंबरी टाइप करणार होते. रोज दहा वाजता मी वर जायची. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, दार उघडायच्या, कोकमाचं सरबत ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. अण्णा बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसून लिहीत असायचे. लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून यायचे, हे मी पाहिलं आहे. ते ढोंग नव्हतं.

कादंबरीतल्या बाईचं नाव हेमांगी. कोकणातल्या एका वकिलाची मुलगी, सतार वाजवणारी. तरुणपणी एकावर जीव जडला, तो गेला, आणि ही मुंबईच्या उपनगरात एका खोलीत एकटी राहून म्हातारी होत चालली. कुणी हाक मारली तरी वळून बघत नाही. रोज सकाळी डबा घेऊन कुठेतरी निघून जाते. कुठे, ते कुणाला माहीत नाही. नखं काळवंडलेली, कारण स्वतःकडे बघणंच तिने सोडलं आहे. संध्याकाळी खिडकीत उभी राहते आणि नसलेल्या माणसाशी बोलते. फक्त ओठ हलताना दिसतात. वर्षातून एकदा पांढरी साडी नेसते. मी टाइप करता करता रडायची. आईला सांगायची, "अगं, काय लिहितात अण्णा!"

ही बाई कोण हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, हे मी लपवत नाही. अण्णांच्या बाल्कनीसमोर बी विंगमधली दुसऱ्या मजल्यावरची खिडकी होती. तिथे प्रमिलाताई राहायच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, तरातरा चालणाऱ्या. कुणाच्या हाकेला ओ न देणाऱ्या. सोसायटीत त्यांना कुणी घमेंडी म्हणायचं, कुणी जरा डोक्यावर परिणाम झालेला आहे म्हणायचं. एकटी, नवऱ्याने टाकलेली, एवढी माहिती सगळ्यांना होती. एकदा अण्णांनी पेन थांबवून मला विचारलं, "तिच्याकडे कोणी येतं का गं?" मी ऐटीत म्हणाले, "कोणीच नाही. ओट्यावर एकच कप पालथा असतो." दुसऱ्या दिवशी तो कप हस्तलिखितात आला. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्याकडे लेखकाची नजर आहे, मंजिरी." एकविसाव्या वर्षी याहून मोठं काय असतं? मी दिवसभर हवेत होते.

महाराष्ट्र दिनाला सोसायटीच्या आवारात झेंडावंदनानंतर कार्यक्रम असायचा. त्या वर्षी अण्णांनी नव्या कादंबरीची दोन प्रकरणं वाचली. मंडप नव्हता, बिल्डिंगच्या सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या आणि सावली सरकेल तशा आम्ही खुर्च्या सरकवत होतो. खिडकीचं प्रकरण आलं तेव्हा बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पांढऱ्या साडीपर्यंत सगळ्यांच्या माना हळूच मागे वळल्या. शेवटच्या रांगेत प्रमिलाताई बसल्या होत्या. वाचन संपलं, टाळ्या पडल्या. त्याही वाजवत होत्या. मोकळेपणाने, हसून. ज्या बाईवर हे लिहिलंय ती टाळ्या कशी वाजवते?

त्यानंतरचे आठ दिवस सोसायटीला मायेचा पूर आला. माझ्या आईने त्यांच्याकडे पन्हं पाठवलं. कुणी आंब्याचा शिरा, कुणी मेथीचे लाडू. "बिचारी गं, आपल्याला काही कल्पनाच नव्हती." प्रमिलाताई जिन्यात भेटल्या की बायका त्यांचा हात हातात घ्यायच्या. एका दुपारी प्रमिलाताई मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेल्या तर दोन बायका धावत त्यांच्यामागे गेल्या आणि त्यांना कठड्यापासून ओढून आणलं. संध्याकाळी सेक्रेटरीने गच्चीला कुलूप ठोकलं. दोन दिवसांनी त्यांचा भाऊ कल्याणहून आला. कुणीतरी त्याला फोन केला होता. ही जागा विकून टाक, आमच्याकडे येऊन राहा, असं तो जिन्यात मोठ्या आवाजात सांगत होता. प्रमिलाताईंनी त्याला गेटपर्यंत सोडलं, परत फिरल्या आणि सरळ आमच्या दारात आल्या.

"तू टाइप करतेस ना अण्णांचं?" त्या म्हणाल्या. "काय लिहिलंय त्यात माझ्याबद्दल?"

"तुम्ही ऐकलंत ना त्या दिवशी?"

"मला कुठे ऐकू येतं! डावा कान गेलाय माझा, वीस वर्षं झाली. मशीनच्या आवाजाने. लांबून कोण काय बोललं, काही कळत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी वाजवल्या."

त्यांनी मला आपल्या उजव्या बाजूला घेतलं, दंडाला धरून, आणि म्हणाल्या, "उद्या कागद घेऊन माझ्याबरोबर चल. इथे नको, इथे सगळे डोकावतात."

त्या डबा घेऊन कुठे जातात, ते मी असं पहिल्यांदा पाहिलं. दोन बस बदलून साकीनाका, मग एक चिंचोळी गल्ली, आणि पत्र्याखाली एकाला एक चिकटलेले गाळे. त्यातला एक प्रमिलाताईंचा. आत तारेची भेंडोळी, तेलाचा वास आणि कानठळ्या बसवणारी दोन मशीनं. तिथे स्प्रिंगा बनत होत्या. करंगळीच्या नखाएवढ्या, मनगटाएवढ्या, चकचकीत, ट्रेमध्ये माशांसारख्या पडलेल्या. दोन बायका कामावर होत्या, दोघीही त्यांना "मॅडम" म्हणत होत्या. प्रमिलाताईंनी साडीवर खाकी कोट चढवला आणि मशीनमध्ये हात घातला. तो बाहेर आला तेव्हा नखं काळी होती.

जेवणाच्या सुट्टीत मशीनं बंद झाली की मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसून, तपासायला घरी आणलेली छापील पानं वाचायची. तीन दिवस वाचलं. त्या भाकरी-ठेचा खात ऐकत होत्या. खिडकीचं प्रकरण आलं तेव्हा त्यांना ठसका लागला.

"अगं, रेंज!" त्या हसत सुटल्या. "माझ्या घरात मोबाइलला रेंज फक्त त्या खिडकीत येते. संध्याकाळी पुण्याच्या पार्टीला फोन करते मी, माल पोचला का म्हणून. उजव्या कानाला धरते फोन. त्यांना माझी डावी बाजू दिसत असणार. नसलेल्या माणसाशी बोलते म्हणे!"

पांढऱ्या साडीला त्या आणखी हसल्या. "ती जयंतीची साडी आहे बाई. चौदा एप्रिलची. त्या दिवशी मी मिरवणुकीत नाचते, माहितीये? गुडघे दुखेपर्यंत नाचते. आणि ह्यांनी मला सुतक लावलं!"

मग कप आला. त्यांचं हसू थांबलं. "हे त्यांना कुठून कळलं?"

"मी सांगितलं."

"तू कधी आली होतीस माझ्याकडे?"

"दिवाळीचा फराळ द्यायला."

"बसलीस का?"

"नाही."

"बसली असतीस तर दुसरा कप काढला असता," त्या म्हणाल्या. चिडून नाही. अगदी सरळ, जसं काही तारेचं माप सांगत होत्या. त्या वाक्याने माझी जी वाट लागली त्यातून मी आजवर पुरती सावरलेले नाही. लेखकाची नजर! दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला ओट्यावरचं दिसतं तेवढंच मला दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी वकील बापाचं प्रकरण होतं, कोकणातला बंगला, माडाच्या झावळ्या, सतार. त्यांनी भाकरी अर्धीच ठेवली. डबा बंद केला. मग म्हणाल्या, "माझा बाप जालन्याहून आला. कंपनीत हमाली केली. मला आयटीआयला टर्नर ट्रेडला घालायचं होतं तर ते लोक म्हणाले, मुलींना शिवणकाम आहे. बाप तिथे दोन दिवस बसून राहिला, उठलाच नाही. शेवटी घेतलं त्यांनी. पूर्ण बॅचमध्ये मी एकटी मुलगी. नवरा म्हणाला, मशीन सोड, तर मी नवरा सोडला. त्याने मला नाही टाकलं, मी त्याला टाकलं. हे सगळं कुठे गेलं गं? नाव बदललं ते ठीक आहे. पण गाव बदललं, बाप बदलला, जात बदलली. मग माझं ठेवलं काय त्यांनी? नखं?"

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारलं, हळू आवाजात, उजव्या बाजूने: "पण कधीच एकटं वाटत नाही तुम्हाला?"

"वाटतं ना. रविवारी दुपारी वाटतं. गाळा बंद असतो, सगळे जेवून झोपलेले असतात, तेव्हा वाटतं. मग? तुझ्या आईला नाही वाटत, तुम्ही चौघं घरात असताना?"

मला आई दिसली. दुपारची भांडी आवरून झाल्यावर ओट्याला टेकून, हात पदराला पुसत, कुठेच न बघणारी. असं तिला हजारदा पाहिलं होतं आणि त्याला मी कधी नाव दिलं नव्हतं. घर भरलेलं असलं की बाईच्या एकटेपणावर कोण लिहितं! त्यासाठी रिकामी खोली लागते, खिडकी लागते, समोर बाल्कनी लागते.

त्या संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर, पाणी कपातीच्या सूचनेखाली, खडूने लिहिलेलं होतं: "मी जिवंत आहे आणि राहणार आहे. गच्चीचं कुलूप काढा, मिरच्या खराब होतील. प्रमिला, बी विंग." दोन तासांत कुलूप निघालं.

रविवारी सकाळी त्या अण्णांकडे गेल्या. मला म्हणाल्या, तूही चल, तू आणलंयस हे सगळं. अण्णांनी बाल्कनीतच उठून आपली खुर्ची दिली. ते सुसंस्कृत होते, शेवटपर्यंत होते.

"प्रमिलाबाई, गैरसमज नको," ते म्हणाले. "हेमांगी म्हणजे तुम्ही नव्हे. पात्र लेखकाच्या मनात जन्माला येतं."

"मी नाही ना? मग माझी नखं परत द्या. खिडकी द्या, साडी द्या. बाकीची हेमांगी ठेवा तुमच्याकडे."

"तपशील आम्ही जगातूनच उचलतो."

"उचला की. पण विचारून उचला. बारा वर्षं समोर राहते मी. एकदा विचारलं नाहीत, बाई, खिडकीत काय करता म्हणून."

मग अण्णा जे म्हणाले ते मला वाटतं त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात खरं वाक्य होतं. "विचारलं असतं," ते म्हणाले, "तर कादंबरी झाली नसती."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, कधीपासून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला. "तुम्हाला कशाला विचारतील प्रमिलाताई?" त्या म्हणाल्या. "मला तरी कुठे विचारलंय. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला. अकरा कादंबऱ्या, अकरा एकाकी बायका. सगळ्या खिडकीत उभ्या. एकीचेही पाय दुखत नाहीत." आणि आत न जाता त्या तिथेच, आमच्याबरोबर, खुर्ची ओढून बसल्या. मी त्या घरात दोन महिने जात होते. त्यांना बाल्कनीत बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा विचार करतो म्हणाले. मे संपत आला होता. मिठागरांवर पांढऱ्या ढिगांना पावसाच्या भीतीने प्लास्टिक घालायला सुरुवात झाली होती. एका सकाळी अण्णांनी माझ्या हातात शेवटचं प्रकरण ठेवलं. हेमांगी दुपारच्या उन्हात घरातून निघते, हायवे ओलांडते, मिठागरांच्या बांधावरून चालत खाडीपर्यंत जाते आणि थांबत नाही. गद्य अप्रतिम होतं, हे मी आजही म्हणेन. मी बांधापर्यंत टाइप केलं. मग कीबोर्डवरून हात उचलले.

"हे मी नाही करणार, अण्णा."

"का?"

"ती मरत नाही."

"कोण? हेमांगी?" ते हसले. "मंजिरी, तिच्याकडे दुसरं आहे काय?"

"गाळा आहे," मी म्हणाले. "दोन मशीनं आहेत. पुण्याची पार्टी आहे. तुम्हाला दिसत नाही म्हणून नाही असं नाही ना."

"तू टाइप करायला आली आहेस, बेटा. लिहायला नव्हे."

"हो. आणि तेच नाही करत."

मी फाइल पुसली नाही. पुसावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती त्यांची होती. मी ती त्यांना पेन ड्राइव्हवर देऊन खाली उतरले. माझी कथा त्या वर्षीच्या दिवाळी अंकात आली नाही, पुढच्याही नाही. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणतेस! मग एका दुपारी ती ओट्याला टेकलेली असताना मी दोन कप चहा केला आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. दोघी उभ्यानेच चहा प्यायलो. मग तिने विचारलं, "त्या प्रमिलाबाई खरंच स्वतः मशीन चालवतात?" मी सांगायला लागले, आणि ती ऐकत राहिली.

शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणीतरी टाइप केलं. हेमांगी बुडाली. पुस्तकाचं कौतुक झालं, समारंभ झाले, आवृत्त्या निघाल्या. आता अण्णा नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात द्वेष नाही, पण क्षमाही नाही, आणि ती मागायला ते कधी आले नाहीत. मला एवढंच म्हणायचं आहे की बाई एकटी दिसली की तिच्यात दुःख भरायची ही जी घाई आहे, तिला आम्ही साहित्यात फार वर्षं करुणा म्हणत आलो. मी वर्गात तिला करुणा म्हणत नाही. मुलांना सांगते, लेखक कुठे उभा आहे ते आधी शोधा. त्याला तिची कुठली बाजू दिसते आहे? दुसरी बाजू बघायला तो कधी जिना उतरला का? मुलं वहीत लिहून घेतात. पेपरात मात्र तेच तीन शब्द येतात. येऊ देत. मी पुन्हा सांगेन.

काकू त्या उन्हाळ्यानंतर रविवारी दुपारी बी विंगमध्ये जाऊ लागल्या. अण्णा हयात असतानाही. दोघी काय बोलायच्या ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात मी हा लेख लिहून मेट्रोने साकीनाक्याला गेले. प्रमिलाताई आता साठीच्या पुढच्या आहेत, केस पूर्ण पांढरे, गाळा तोच, कामावर पाच बायका. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मी वाचलं. नवरा सोडला, त्या वाक्याला बायकांनी टाळ्या दिल्या. वाचून झाल्यावर प्रमिलाताईंनी कागद मागून घेतले, चष्मा लावला आणि पानं उलटत राहिल्या. सोसायटी त्यांना काय समजायची, हे जिथे मी सांगितलं आहे, तिथे मी माझ्या पदरचे दोन शब्द घातले होते: एकटी, बिचारी. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

"चुकलं का?" मी विचारलं. "दोन्ही काढते."

"एकटी ठेव," त्या म्हणाल्या. "ते खरं आहे. अण्णांच्या रागाने तू खोटं लिहू नकोस. बिचारी काढ."

घरी आल्यावर मी तो परिच्छेद उघडला. बिचारी काढलं. मग त्या वाक्यात एकटी एकटंच राहिलं, आणि ते पुन्हा दुःखीच वाटायला लागलं. मी फोन केला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"वाचणाऱ्यांना वाटू दे काय वाटायचं ते," त्या ओरडून म्हणाल्या. "ज्याला खरं बघायचं असेल त्याला पत्ता दे. रविवारी सुट्टी असते, बाकी कधीही ये म्हणावं. आणि आता ठेव, माल भरायचाय."